यादीच्या पाच प्रती

माझं झेरॉक्सचं दुकान संक्रमण शिबिराच्या जिन्याखाली आहे.
सहा बाय चार. मशीनच्या काचेवर एक ओरखडा,
तो प्रत्येक कागदावर उमटतो:
रेशनकार्डावर, मयताच्या दाखल्यावर,
बावीस वर्षं पात्र ठरायची वाट बघणाऱ्या
तुळसकरांच्या फायलीत पानापानावर.
सायनच्या कुठल्याही कचेरीत माझा ओरखडा ओळखू येतो.

या आठवड्यात धंदा बरा.
सोमवारी चौकीतून हवालदार आले. नोटिशीच्या वीस प्रती.
पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमू नये.
पैसे नंतर.
रात्री दिव्याखाली चौघं कॅरम खेळत होते.
पाचवा, नुसता बघणारा गोविंद आरेकर,
उठला आणि घरी गेला.
क्वीन कुणी घेतली ते त्याला अजून माहीत नाही.

मंगळवारी जुबेदाबाईंचा अर्ज, सभेच्या परवानगीसाठी. तीन प्रती.
बुधवारी तोच अर्ज, वर नामंजूरचा शिक्का. एक प्रत.
त्या म्हणाल्या, घडी घालून ठेवते, पुढच्या वेळी तारीख बदलून चालेल.

गुरुवारी प्रज्योत.
दहावीला गणितात गेला तेव्हा
त्याच्या मार्कशीटच्या प्रती मी फुकट काढल्या होत्या.
अंगठ्यानं तो आकडा झाकून इथंच उभा होता.
आता मनगटात कडं.
'काकू, पाच काढा. कुणाला दाखवू नका.'
आमच्याच इमारतीतले मतदार, दोनशे चौदा,
प्रत्येक नावापुढं ठिपका. काही हिरवे. काही लाल.
लाल असतील त्यांच्याकडं जाऊन फक्त चौकशी करायची.

चौकशी म्हणजे काय ते ठाऊक आहे सगळ्यांना.
कुणी आवाज चढवत नाही.
चपला बाहेर काढतात. पाणी मागतात.
'मुलगी क्लासवरून किती वाजता येते?'
'खोलीचं कुठवर आलं?'
'वीस तारखेला सुट्टीच आहे, गावी जाऊन या की. गाडीचं आम्ही बघतो.'
निघताना म्हातारीच्या पाया पडतात
आणि दार लोटून घेतात हळूच,
कडी वाजू न देता.

'रंगीत काढू का?'
'कितीला?'
'वीस रुपये पान.'
'छे. साधीच काढा.'
त्याचा फोन वाजला. तो पाठमोरा झाला.
उजेडाची पट्टी काचेखालून गेली, आली.
एकशे सत्त्याऐंशी नंबरला माझं नाव.
कुठला ठिपका ते सांगणार नाही.
पानं पालथी घालून मी पिना मारल्या.
मूळ कागद त्यानं माझ्याच बादलीत फाडून टाकला,
बारीक, बारीक,
शिकवल्याप्रमाणे: हाताची खूण मागं ठेवायची नाही.

शुक्रवारी रात्री कांबळी खाली आले.
गॅलरीत त्यांचाच झेंडा लावणारे कांबळी.
'मलासुद्धा विचारून गेले, नात किती वाजता येते.'
तळहातावरची तंबाखू मळायची राहून गेली.
मी काय बोलणार.
ज्या दारात कुणी येणार नव्हतं
तिथवर ते मीच नेलं होतं, दोन रुपये पानाने.
झोप लागली नाही, हेही खरं.

शनिवारी प्रज्योत परत. पाचही प्रती काउंटरवर.
'काकू, रंग कुठं गेले?'
'दोन रुपयांत रंग येत नाही, बाळा.'
तो बघत राहिला.
दोनशे चौदा नावं, दोनशे चौदा काळे ठिपके,
मधून गेलेला माझा ओरखडा.
त्याचं स्वतःचं नाव सहाव्या पानावर, आईच्या खाली.
त्यानं त्यावर अंगठा ठेवला.

'साहेबांना काय सांगू?'

मी मशीन बंद केलं.
ते गार व्हायला वेळ लागतो.